कांद्यावर फिरणाऱ्या ड्रोनला विमा का लागतो?

पिकावर औषध फवारणारा ड्रोन कायद्याच्या लेखी एक प्रकारचं विमानच आहे, फक्त त्याचा पायलट बांधावर उभा असतो. त्यामुळे स्वतःचं छोटं विमान बाळगणाऱ्याला विम्याचे जे प्रश्न पडतात, तेच पारनेर तालुक्यात ड्रोन घेणाऱ्यालाही पडणार.

ड्रोन नियम, २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचे नॅनो ड्रोन वगळता बाकी सर्वांना थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. त्यासाठी मोटार वाहन कायदा, १९८८ मधल्या तरतुदीच लागू केल्या आहेत. म्हणजे तत्त्व ट्रॅक्टरच्या विम्याचंच: ड्रोन कोसळून कुणी जखमी झालं किंवा शेजाऱ्याचं शेडनेट फाटलं, तर त्याची भरपाई.

ड्रोनचं स्वतःचं नुकसान मात्र यात येत नाही. त्यासाठी वेगळं संरक्षण लागतं, ज्याला विमान व्यवसायात 'हल' विमा म्हणतात. पारनेरमध्ये ते टाळणं परवडणारं नाही. सुप्याजवळच्या कवड्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या राहिलेल्या नाहीत. वाऱ्याच्या एका झोताने ड्रोन विजेच्या तारेवर जाऊ शकतो.

'नमो ड्रोन दीदी' योजनेत महिला बचत गटांना ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साहाय्य मिळतं. ड्रोनसोबतच्या पॅकेजमध्ये सर्वसमावेशक विमा आहे, पण तो एकाच वर्षाचा. देखभालीचा करार दोन वर्षांचा. दुसऱ्या वर्षीचा हप्ता गटाने फवारणीच्या कमाईतून भरायचा असतो आणि योजनेच्या कौतुकात नेमकी हीच गोष्ट मागे पडते. विमा संपला म्हणून ड्रोन उडायचा थांबत नाही. तो कोसळला की मात्र सगळा भार गटावर येतो.

खरी मेख आहे ती वाऱ्याने उडणाऱ्या औषधाची. तणनाशकाचे तुषार शेजारच्या डाळिंबावर गेले तर पैसे कोण देणार? विमान विम्यात प्रदूषणामुळे झालेलं नुकसान सहसा वगळलेलं असतं. अपघात झाला तरच अपवाद. इथे तर ड्रोन व्यवस्थित उडत असतो, नुकसान फवारणीने होतं. म्हणून पॉलिसीत हा धोका धरला आहे का, हे सहीपूर्वी लेखी विचारून घ्यावं. पीक विमा काढलेला आहे, या भरवशावर राहू नये. तो वेगळ्या जोखमींसाठी असतो.

दावा करताना दोन कागद आधी मागितले जातात: ड्रोनचा नोंदणी क्रमांक आणि उडवणाऱ्याचं रिमोट पायलट प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र १० वर्षं चालतं, पण ते ज्याच्या नावावर आहे त्याच्यापुरतंच. प्रशिक्षण वहिनींनी घेतलं आणि अपघाताच्या दिवशी रिमोट पुतण्याच्या हातात होता, तर कंपनीला दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं.