क्रेगचे पाच हजार एकर आणि आमचे पाच

मोताळा तालुक्यात, ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला आमचं पाच एकर वावर. तूर फुलोऱ्यावर आली की जागल सुरू. मचाणावर घोंगडी, हाताशी टॉर्च अन् रात्रभर हाकारे. रोही म्हणजे नीलगाय एका उडीत धुरा ओलांडते, रानडुकरं तासाभरात अर्धं वावर उकरतात. 2019 साली टिपेश्वरचा वाघ ज्ञानगंगेत पोचला, तोही लोकांच्या कापसा-तुरीतून वाट काढतच. जंगली जनावरं जंगलातच राहतात, हे कोणी मला सांगू नये.

म्हणून केनियातल्या डेव्हिड क्रेगची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. लेवा हे त्याच्या घराण्याचं गुरं पाळायचं रान. शिंगांपायी चोरटी शिकार इतकी वाढली, की देशातले हजारो गेंडे 1980 च्या दशकात काहीशेंवर आले. अ‍ॅना मर्झ नावाच्या बाई त्यांच्यासाठी जागा शोधत होत्या. क्रेगनं 1983 साली चराईतले 5,000 एकर कुंपण घालून गेंड्यांना दिले. आईनं टाकलेलं सामिया नावाचं गेंड्याचं पिल्लू मर्झबाईंनी बाटलीच्या दुधावर जगवलं, स्वतःच्या अंथरुणात निजवलं. आजारी वासरू चुलीपाशी बांधणाऱ्या माझ्या आईला याचं काहीच नवल वाटलं नाही. 1995 मध्ये सगळं रानच वन्यजीवांसाठी राखीव झालं. आता पर्यटकांच्या पैशातून राखणदारांचा पगारही निघतो.

पण क्रेगकडे द्यायला जमीन होती. शिवाय रोही बघायला कोण तिकीट काढणार?

त्यापेक्षा शेजारचे अकोला-वाशीम आम्हाला जवळचे. तिथे कौस्तुभ पांढरीपांडे यांची ‘संवेदना’ संस्था फासेपारध्यांसोबत गवताळ रानं राखते. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेली ही जमात, नावावर जमीन नसल्यात जमा. पण तितर कुठे दडतो, तणमोर कुठे अंडी घालतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? तिथल्या वडाळा गावात त्यांनी शिकार थांबवली, गवत वाढू दिलं. पावसाळ्यात तणमोराचा नर मादीसाठी गवतातून उंच उड्या मारतो. गवत खुरटलं, की मादीला अंडी लपवायला आडोसाच उरत नाही.

आमच्या गावची ई-क्लास जमीन कागदावर चराईची. प्रत्यक्षात निम्म्यावर सोयाबीन. ती गवतासाठी मोकळी करा म्हटलं की ग्रामसभेत आवाज चढतात, कारण पेरणारे बहुतेक भूमिहीन. “गवत कापून विकायचा हक्क आधी लेखी द्या, मग बोलू,” असं त्यांच्यातला एकजण म्हणाला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही.