रॉडची फुटलेली कडी घरीच बसवूया

खाडीकाठच्या घरांत आता बांबूच्या काठीशेजारी एखादा रीळवाला रॉडही उभा दिसतो. मुलाने मुंबईहून आणलेला, नाहीतर पाहुण्यांसाठी घेतलेला. आमच्या गटानेही होमस्टेला येणाऱ्यांना गरवायला देण्यासाठी असे रॉड घेतले. पाहुणे परतले की एखाद्या रॉडची कडी फुटलेली निघते. दुकानात न्यावा तर उत्तर ठरलेलं, "ताई, आता नवाच घ्या." काठी धड, रीळ धड, बिघाड बोटाच्या पेराएवढा, आणि त्यासाठी गटाच्या शिलकीतून अख्खा रॉड घ्यायचा! ते काही पटेना. म्हणून आम्ही ही दुरुस्ती शिकून घेतली. आज तीच सांगतो.

आधी कडी करते काय ते पाहू. बांबूच्या काठीला कडी नसते, तिथे तंगूस शेंड्यालाच बांधलेला असतो. रीळ आलं की तंगूस काठीच्या कडेने धावतो आणि त्याला वाट दाखवायला कड्या लागतात. दुकानात त्यांना गाईड म्हणतात. रिळाजवळची कडी सर्वांत मोठी, शेंड्याची सर्वांत लहान. कड्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं. मासा ओढतो तेव्हा काठी वाकते, आणि कड्या तो भार काठीच्या साऱ्या लांबीवर वाटून देतात. मधली एक कडी गेली की तंगूस तिथे काठीला सोडून सरळ ताणला जातो, भार एका जागी पडतो आणि काठी मोडू शकते. "एका कडीने काय होतंय" असं म्हणून तसाच वापरलेला रॉड पुढे खरोखरच नवा घ्यावा लागतो.

कडीची बाहेरची चौकट धातूची असते. चांगल्या कडीत आत चिनी मातीसारख्या कठीण पदार्थाची गुळगुळीत रिंग बसवलेली असते. ती कठीण असते तशीच ठिसूळही. रॉड जेटीवर आपटला, टेम्पोत सामानाखाली आला, की तिला केसाएवढी चीर जाते. गळ कडीच्या रिंगेत अडकवून ठेवायची सवय तर सगळ्यांचीच. त्यानेही रिंग खरवडते. रीळ गुंडाळताना शिसं शेंड्याच्या कडीवर आदळेपर्यंत ओढलं, तरी तेच. ही चीर डोळ्यांना दिसत नाही, पण तिची धार तंगूस तासत राहते. लहान मासे येतात तोवर काही कळत नाही. तांबोशी नाहीतर जिताडा लागला की नेमका तेव्हाच तंगूस तुटतो. मासा जातो, त्याच्या तोंडात गळ राहतो आणि पाण्यात कित्येक हात तंगूस. तो कुजत नाही, त्यात पक्ष्यांचे पाय अडकतात.

चीर शोधायची युक्ती सोपी आहे. वातीचा कापूस घ्या, त्याची सैल वळी करून प्रत्येक कडीतून हळूच फिरवा. जिथे कापसाचा तंतू अडकला, तिथे चीर आहे. रिंग नुसती सुटून बाहेर आली असेल आणि अखंड असेल, तर जागा स्पिरिटने पुसून एपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूबांचा गोंद, लावून ती परत बसवता येते. चिरलेली रिंग मात्र चिकटवू नका, पॉलिश पेपरने घासू नका. ती कडीच बदलायची. नवी कडी आणताना जुनी सोबत न्या. मापाचा आकडा सहसा रिंगेच्या बाहेरच्या व्यासाचा, मिलिमीटरमध्ये असतो. आकड्याबरोबर कडीची उंचीही जुळली पाहिजे.

आता काढायचं कसं? कडीचे पाय काठीवर दोऱ्याने बांधलेले असतात आणि वर गोंदाचा चकचकीत थर असतो. नवं ब्लेड घ्या आणि दोरा कापा, पण फक्त कडीच्या धातूच्या पायावर. काठीवर ब्लेड टेकवायचं नाही. काठी काचतंतूची किंवा कार्बनची असते. तिच्यावर पडलेला चरा पुढे मोडायची जागा होतो. दोरा निघत नसेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं त्यावर थोडा वेळ धरा, थर मऊ पडतो. मग नखाने सोलून काढा. आच दाखवायची नाही, कार्बनची काठी उष्णतेने खराब होते.

नव्या कडीचे पाय टोकाशी जाड असतील तर कानशीने घासून निमुळते करा, म्हणजे दोरा काठीवरून पायावर अलगद चढेल. जागा स्पिरिटने पुसा, एक पाय चिकटपट्टीने धरून ठेवा आणि रिळाच्या बाजूने एक डोळा मिटून बघा. सगळ्या कड्या एका ओळीत दिसल्या पाहिजेत.

यापुढचं काम बांधणीचं. रेडिओवर ते दाखवता येत नाही, म्हणून हातात पेन्सिल आणि शिवणाचा दोरा घेऊन ऐका. खराटा बांधताना आपण दोरीचं टोक वेढ्यांखालीच दाबतो, गाठ मारत नाही. इथेही तसंच. दोरा बारीक नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा घ्या, सुती नको. काठीवर, कडीच्या पायाच्या थोडं अलीकडे सुरुवात करा. दोऱ्याचं टोक कडीच्या दिशेने आडवं ठेवा आणि त्यावरून पाच-सहा वेढे घ्या. उरलेलं टोक कापून टाका आणि वेढ्याला वेढा चिकटवत कडीकडे चला. दोरा ताणलेला हवा, म्हणून रीळ जाड पुस्तकाखालून घ्या. दोरा हाताने ओढत बसण्यापेक्षा आम्हाला हेच बरं वाटलं. काठी फिरवायची, दोरा नाही. फटी पडल्या तर चिंता नको, नंतर पेनच्या टोपणाने वेढे सरकवता येतात.

शेवटाचे सात-आठ वेढे उरले की दुसऱ्या दोऱ्याचा एक फास करून काठीवर आडवा ठेवा. फासाचं बंद टोक कडीकडे, दोन्ही सुटी टोकं मागे. त्या फासावरूनच उरलेले वेढे घ्या. मग मुख्य दोरा कापून त्याचं टोक फासातून ओवा आणि मागची दोन्ही टोकं ओढा. फास बाहेर येतो, आपल्यासोबत दोऱ्याचं टोक वेढ्यांखाली ओढून नेतो. उरलेलं टोक ब्लेडने कापा. मोगऱ्याचा गजरा बांधणाऱ्या हाताला हे दुसऱ्या फेरीत जमतं. पहिल्या पायाचं झालं की चिकटपट्टी काढून दुसऱ्या पायाचं तसंच. दोरा घट्ट असला तरी कडी थोडी हलवता येते, तेव्हा पुन्हा एकदा डोळा मिटून ओळ तपासा. गोंद लागल्यावर ती हलणार नाही.

गोंद म्हणजे तोच दोन ट्यूबांचा एपॉक्सी. दोन्ही भाग सारखे घ्या, अंदाजाने नको. कमीजास्त झाले तर थर चिकट राहतो, नीट वाळतच नाही. हळू ढवळा, जोरात ढवळलं की बुडबुडे येतात. हातात मोजे घाला, खिडकी उघडी ठेवा आणि मुलांना लांब ठेवा, कारण या गोंदाने काहींच्या कातडीला खाज-पुरळ येते. पातळ थर सगळ्या दोऱ्यावर आणि दोन्ही कडांना थोडा काठीवर लावा, रिंगेत जाऊ देऊ नका. मग काठी दोन खुर्च्यांच्या पाठींवर आडवी ठेवा आणि थर ओघळायचा थांबेपर्यंत दर पाच-दहा मिनिटांनी अर्धा वळसा फिरवा, नाहीतर सगळा गोंद खाली जमून थेंब लोंबतो. पाच मिनिटांत पकडणाराही एपॉक्सी मिळतो, पण तो हात फिरेपर्यंत घट्ट होतो. नवशिक्यांनी सावकाश वाळणारा घ्यावा. वाळायला २४ तास द्या. पावसाळी ओल्या हवेत थर पांढुरका पडू शकतो, म्हणून कोरडा दिवस निवडा.

शेंड्याची कडी दोऱ्याने बांधलेली नसते, नळीने शेंड्यावर चिकटवलेली असते. नळीचा भाग उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवा आणि कडी कापडात धरून सरळ ओढा, पिळू नका. घडीच्या, म्हणजे एकात एक जाणाऱ्या रॉडच्या कड्यांनाही अशीच नळी असते, तिथेही दोरा लागत नाही. ती कडी शेंड्याकडूनच ओवावी लागते.

खाडीवर असतानाच कडी तुटली तर सेफ्टी पिनचं गोल वेटोळं चिकटपट्टीने बांधून त्या दिवसाचं काम भागतं. पण त्यावर मोठा मासा ओढायला जाऊ नका.

दुरुस्तीनंतर तंगूस ओवून टोक कुणाच्या तरी हातात द्या आणि काठी हळूहळू वाकवून बघा. हे मोकळ्या जागेत करा. कार्बनच्या काठीतून वीज वाहते, तेव्हा विजेच्या तारांखाली रॉड उभा करायचा नाही, ढग गडगडत असताना तर नाहीच. आणि खाडीतून आल्यावर कड्या गोड्या पाण्याने धुऊन पुसा, खाऱ्या पाण्याने चौकटीला गंज चढतो.

आता कुणी विचारेल, गावातल्या इतरांचे रॉड घ्यावेत का? जरूर घ्यावेत आणि मजुरीही घ्यावी. बायका दोरा गुंडाळतात म्हणून फुकट करून द्यायचं, हे आम्हाला मान्य नाही. कडीचे, गोंदाचे पैसे वेगळे, मजुरी वेगळी, आणि रॉड हातात घेण्याआधीच सांगायचं. मात्र कडीच्या पायाशी काठीलाच चीर गेलेली असेल, किंवा दाबल्यावर करकर आवाज येत असेल, तर तो रॉड परत करा. त्यावर दोरा कितीही सुबक बसवला तरी काठी तिथेच मोडते आणि दोष आपल्या बांधणीला येतो.