शंभर वर्षांच्या युद्धानंतर : राजाचा कर आणि प्रजेची संमती

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात १३३७ मध्ये सुरू झालेले आणि अधूनमधून शस्त्रसंधी होत १४५३ पर्यंत चाललेले युद्ध संपले, तेव्हा फ्रान्सच्या मुख्य भूमीपैकी कॅले बंदर आणि त्याभोवतीचा टापू एवढाच इंग्लंडकडे उरला होता, आणि तोही १५५८ मध्ये गेला. परंतु सीमा बदलण्यापेक्षा या युद्धाचा खोल परिणाम झाला तो कर बसवण्याच्या अधिकारावर. आणि तो दोन्ही राज्यांत परस्परविरुद्ध दिशांनी झाला.

राजाने आपला खर्च स्वतःच्या जमिनींच्या उत्पन्नातून भागवावा आणि प्रजेकडे पैसा मागावा तो केवळ युद्धासारख्या संकटातच, असा मध्ययुगीन युरोपातील संकेत होता. संकटच पिढ्यान्‌पिढ्या टिकल्यावर मात्र हा अपवाद नित्याचा झाला. इंग्लंडचे राजे परभूमीवर लढत असल्याने त्यांना प्रत्येक मोहिमेसाठी पार्लमेंटपुढे हात पसरावा लागे. पार्लमेंटच्या संमतीशिवाय नवा कर नाही, हे १३४० च्या कायद्याने मान्य झाले आणि १३७६ मध्ये तर पार्लमेंटने राजाच्या निकटवर्तीयांवरच खटले चालवले. ही संमती म्हणजे सामान्यांची संमती नव्हे, हेही विसरता येत नाही: पार्लमेंटनेच मंजूर केलेल्या डोईपट्टीने १३८१ चा शेतकऱ्यांचा उठाव पेटवला.

फ्रान्समध्ये याच युद्धाने उलटे घडवले. १३५६ मध्ये प्वातिये येथे राजा दुसरा जाँ कैद झाला, १३६० मध्ये त्याच्या सुटकेसाठी ३० लाख सोन्याच्या एकूंची खंडणी ठरली, आणि ती भरण्यासाठी मालाच्या विक्रीवर व मिठावर कर बसले. मिठावरील कराला ‘गाबेल’ म्हणत. त्याहून मोठी पीडा होती ती पगार थांबताच गावे लुटत हिंडणाऱ्या सैनिकांच्या टोळ्यांची. लोक त्यांना ‘कातडी सोलणारे’ म्हणत. सातव्या शार्लने १४३९ मध्ये फौज उभारण्याचा अधिकार फक्त राजाचा असल्याचे जाहीर केले, सरदारांना परस्पर कर उकळण्यास मनाई केली, आणि १४४५ पासून नियमित पगाराच्या घोडदळाच्या तुकड्या उभारल्या. या कायम सैन्याचा खर्च ‘ताय’ या प्रत्यक्ष करातून भागू लागला, आणि फ्रान्सच्या बऱ्याच भागांत तो प्रतिनिधींच्या सभेला न विचारताच दरवर्षी वसूल होऊ लागला. त्या सभेच्या मौनाला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण ज्यांची कोठारे पुन्हा पुन्हा जळली होती, त्यांना राजाचा कर लुटारूंच्या मागणीपेक्षा सुसह्य वाटणे स्वाभाविक होते.

पण या सौद्याची किंमत सर्वांनी सारखी मोजली नाही. सरदार रणांगणावर रक्त सांडतात आणि धर्मगुरू प्रार्थना करतात, म्हणून दोघांनाही ‘ताय’ माफ होता. अनेक शहरांनीही सवलती मिळवल्या. त्यामुळे सारा भार शेतकऱ्यावर आला, आणि पुढे सरदारांचे रणांगण सुटले तरी त्यांची माफी सुटली नाही. दुसरीकडे, कर मंजुरीवाचून मिळू लागल्याने धर्मगुरू, सरदार आणि सामान्यजन या तिन्ही वर्गांच्या राष्ट्रीय सभेची राजाला गरजच उरली नाही. १६१४ मध्ये जमलेली ही सभा त्यानंतर थेट १७८९ मध्येच बोलावली गेली, आणि तेव्हा गावोगावांहून आलेल्या तक्रारपत्रांत ‘ताय’ आणि ‘गाबेल’ यांविरुद्धची गाऱ्हाणी ठिकठिकाणी लिहिलेली होती.