मरायला नकार देणारी पेशी
कर्करोगाच्या अंतरंगात : लेखांक ६

केमोथेरपीची बरीचशी औषधे पेशीतल्या डीएनएची मोडतोड करतात, इथवर आपण मागच्या आठवड्यात आलो. पण डीएनए तुटला म्हणून पेशी मरतेच असे नाही. नुकसान भरून निघणार नाही हे कळल्यावर बहुतेक वेळा ती स्वतःच स्वतःला संपवते. औषध तिला फक्त तिथपर्यंत नेऊन सोडते. ही वाटच बंद असेल, तर जालीम औषधही निष्प्रभ ठरते. ती वाट अडवणाऱ्या प्रथिनांची ही गोष्ट.

आपल्या शरीरात रोज अब्जावधी पेशी अशा शिस्तीत मरतात. त्याचा निर्णय पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या बाह्य आवरणावर होतो. मरणाचा संदेश आला की बॅक्स आणि बॅक ही प्रथिने त्या आवरणाला भोके पाडतात. आतले सायटोक्रोम-सी बाहेर सांडते, कॅस्पेज नावाची विकरे जागी होतात आणि पेशीची आतून काटछाट सुरू होते. बीसीएल-२ हे प्रथिन नेमके इथे आडवे येते. संदेश आणणाऱ्या प्रथिनांना आणि बॅक्सला ते धरून ठेवते. निरोगी पेशीत हा संयम गरजेचाच असतो. कर्करोगाच्या पेशी त्याचा अतिरेक करतात.

या प्रथिनाचा माग लागला तो फॉलिक्युलर लिम्फोमा या लसिकापेशींच्या कर्करोगात. या रोगात १४व्या आणि १८व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली दिसते. १९८०च्या दशकाच्या मध्यावर फिलाडेल्फियात योशिहिदे त्सुजिमोतो आणि कार्लो क्रोचे यांनी त्या सांध्यापाशी बीसीएल-२चे जनुक शोधले. तोवर सापडलेली कर्करोगाची जनुके पेशींना भराभर वाढवणारी होती, तेव्हा हेही त्यातलेच असणार असा समज होता. १९८८ मध्ये मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेत डेव्हिड वॉ, सुझान कोरी आणि जेरी अॅडम्स यांनी हे जनुक रक्तपेशींमध्ये घातले आणि त्या पेशी जगण्यासाठी लागणारा वाढघटक काढून घेतला. एरवी अशा पेशी मरून जातात. या मात्र मेल्या नाहीत, आणि वाढल्याही नाहीत. नुसत्या तग धरून राहिल्या. कर्करोग नुसत्या वाढीतून होत नाही, मरण टाळण्यातूनही होतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले.

बीसीएल-२च्या पृष्ठभागावर एक लांबट खाच असते. मरणाचा संदेश आणणारी प्रथिने याच खाचेत अडकून पडतात. त्या खाचेत नेमके बसेल असे औषध बनवायला पुढची अनेक वर्षे गेली. आधीचे एक औषध बीसीएल-एक्सएल या भावंडालाही चिकटायचे. प्लेटलेट त्याच्याच आधारावर जगत असल्याने त्यांची संख्या घसरायची. मग फक्त बीसीएल-२ला पकडणारे व्हेनेटोक्लॅक्स आले. २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या ज्या रुग्णांसाठी पहिली मान्यता मिळाली, त्यांच्या पेशींत १७व्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला होता. अशांना नेहमीची केमोथेरपी फारशी लागू पडत नाही.

हे औषध इतके प्रभावी होते की एकदम मेलेल्या पेशींतले क्षार रक्तात उतरून सुरुवातीच्या चाचण्यांत काही रुग्णांचा जीव गेला. म्हणूनच आज या रोगात पहिल्या आठवड्यात रोज २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २०० आणि पाचव्या आठवड्यापासून ४०० असा डोस चढवतात. भरपूर पाणी प्यायला लावतात, वरचेवर रक्त तपासतात. ही सावकाशी रुग्णाच्या जिवाची राखण आहे.

तरीही काही रुग्णांत रोग उलटतो. कधी बीसीएल-२च्या खाचेजवळचे एकच अमिनो आम्ल बदलते आणि औषधाची पकड ढिली पडते. कधी पेशी एमसीएल-१ या दुसऱ्या भावंडाचा आधार घेते. त्यालाही रोखावे, तर हृदयाच्या पेशींना ते हवे असते; त्यावरच्या काही औषधांच्या चाचण्या हृदयावरच्या परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या.

म्हणून गाठ किती वेगाने वाढते एवढेच पाहून भागणार नाही. तिच्या पेशी यांपैकी कोणत्या प्रथिनाच्या जिवावर तगून आहेत, हे उपचार ठरवण्याआधी तपासता आले पाहिजे. एकाच नावाच्या रोगात दोन रुग्णांचे उत्तर वेगळे निघू शकते, आणि औषध त्या उत्तराप्रमाणे निवडले तरच रुग्णाला निष्फळ उपचारांचा त्रास टळेल.

१७व्या गुणसूत्राच्या त्या गळालेल्या तुकड्यावर पी-५३ या प्रथिनाचे जनुक असते. ते गेल्याने केमोथेरपी का फसते, हे पुढच्या आठवड्यात.