गंगाजलाची परीक्षा

काशीक्षेत्री गंगा उत्तरवाहिनी होते. अस्सीपासून वरुणेच्या संगमापर्यंतचे घाट तिच्या डाव्या तीरावर आहेत. तेथे सहस्रावधी लोक नित्य स्नान करतात, भदैनी येथे नगराचे पिण्याचे पाणी त्याच पात्रातून उचलले जाते, आणि शहराचे सांडपाणीही पूर्वापार तेथेच येऊन मिळत आले. महाराष्ट्रातील कित्येक देवघरांत यात्रेहून आणलेला गंगेचा मोहोरबंद गडू असतो. त्यातील पाणी प्रयोगशाळेत तपासावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

शासनाच्या मनात ते आले. जलप्रदूषण निवारणाच्या केंद्रीय मंडळाने गंगेच्या खोऱ्याची पाहणी करून १९८४ मध्ये अहवाल दिला. नदीच्या मालिन्याचा सुमारे तीनचतुर्थांश भार शहरांच्या सांडपाण्याचा आहे, कारखान्यांचा वाटा त्याहून पुष्कळ कमी आहे, असे त्यातून दिसले. या आधारावर १९८५ मध्ये केंद्रीय गंगा प्राधिकरण स्थापन झाले आणि १४ जून १९८६ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी वाराणसीच्याच घाटावर ‘गंगा कार्ययोजने’चा आरंभ केला. पहिल्या टप्प्यात २५ शहरे घेतली गेली. संशोधकांनी मोजावे व शासनाने त्यानुसार पैसा खर्चावा, याचे हे चांगले उदाहरण होते.

वाराणसीत नाल्यांचे पाणी अडवून पंपांनी शुद्धीकरण केंद्रांकडे नेण्याची योजना झाली. दीनापूरचे केंद्र दररोज ८ कोटी लिटर पाण्यासाठी बांधले गेले. परंतु पंप विजेवर चालतात. वीज गेली की ते थांबत, आणि अडविलेले पाणी पुन्हा नदीचा रस्ता धरी. पावसाळ्यात पूर आला म्हणजे घाटांवरील उपसा केंद्रे बंदच ठेवावी लागत. शिवाय या केंद्रांतील प्रक्रियेने सेंद्रिय मळ बराच कमी होत असला, तरी रोगजंतू पुरेसे मरत नाहीत. आणि स्नान करणाऱ्याला खरे भय त्यांचेच असते.

ही उणीव अंकांनी दाखवून देणारे गृहस्थ तुळशीघाटावरच राहत होते. वीरभद्र मिश्र हे संकटमोचन मंदिराचे महंत आणि काशी हिंदू विश्वविद्यालयात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक. १९८२ मध्ये त्यांनी संकटमोचन प्रतिष्ठान स्थापिले आणि १९९३ मध्ये घाटावरच पाण्याची प्रयोगशाळा सुरू केली. तेथे नमुन्यातील विष्ठाजन्य कोलिफॉर्म जंतू मोजले जात. हे जंतू माणसाच्या व जनावरांच्या आतड्यांत राहतात. ते पाण्यात सापडले म्हणजे मैला मिसळला हे निश्चित. स्नानयोग्य पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये त्यांची संख्या २५००च्या वर असू नये, असा शासनाचाच दंडक आहे. घाटांवरचे आकडे वारंवार त्याच्या कितीतरी पट निघत.

मिश्रांनी केवळ तक्रार केली नाही. अमेरिकेतील बर्कले येथील प्राध्यापक विल्यम ऑसवाल्ड यांच्या तळ्यांच्या पद्धतीवरून त्यांनी पर्यायी योजना मांडली. घाटांच्या कडेने नळ टाकून सांडपाणी उताराने प्रवाहाच्या खालच्या अंगास न्यावयाचे व तेथे एकामागून एक तळ्यांत सोडावयाचे. पहिल्या खोल तळ्याच्या बुडाशी गाळ कुजून वायू निघतो. पुढील उथळ तळ्यात शेवाळ सूर्यप्रकाशात प्राणवायू निर्माण करते व जिवाणू तो वापरून मळ खातात. त्यानंतर शेवाळ खाली बसते. अखेरच्या तळ्यात ऊन व वेळ यांच्या योगे रोगजंतू मरतात. वीज थोडी लागते, जागा मात्र पुष्कळ. जागेची अडचण खरी होती. पण पंपांची अडचणही तेवढीच खरी होती, आणि तिचा विचार आरंभीच व्हावयास हवा होता. योजना वर्षानुवर्षे कचेऱ्यांत रेंगाळली.

२००९ मध्ये राष्ट्रीय गंगा नदी खोरे प्राधिकरण नेमले गेले, तेव्हा मिश्र त्याचे सदस्य झाले. पुढील वर्षी सात आय.आय.टी. संस्थांकडे संपूर्ण खोऱ्याचा आराखडा सोपविण्यात आला. मिश्र १३ मार्च २०१३ रोजी निवर्तले. नोव्हेंबर २०१८ मध्ये दीनापूर येथे दररोज १४ कोटी लिटर क्षमतेचे नवे केंद्र सुरू झाले. शासकीय पत्रकांत केंद्रांची क्षमता लिटरांत सांगितली जाते. तुळशीघाटावरील प्रयोगशाळेने जंतूंची संख्या मोजण्याचे काम मिश्रांच्या पश्चातही चालू ठेवले.