समुपदेशकाने आधी स्वतःचे मन तपासावे

घरातील ताणतणावांसाठी समुपदेशकाकडे जाणे आता आपल्या व्यापारी कुटुंबांनाही परके राहिलेले नाही. मात्र समुपदेशकही कोणत्या तरी घरात, जातीत आणि गावात वाढलेला असतो. तेथील पूर्वग्रह नकळत त्याच्यासोबत येतात.

अठाई करणारी तरुणी समोर आली, तर जैन आचाराशी अपरिचित समुपदेशक तिच्या उपवासालाच आजार समजू शकेल. उलट, आपल्यातीलच समुपदेशक 'ही तर तपश्चर्या' असे मानून, अन्नाविषयी तिच्या मनात बसलेली भीती दृष्टीआड करू शकेल. एकाची चूक अपरिचयाची, दुसऱ्याची आपलेपणाची. नुकसान मात्र त्या मुलीचेच. एकत्र कुटुंब म्हणजे जाचच, किंवा मुलाने पेढी सांभाळलीच पाहिजे, हीदेखील अशीच गृहीतके होत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही स्पष्ट केले आहे की, समाजातील रूढ मूल्ये किंवा धर्मश्रद्धा न मानणे हा मानसिक आजाराच्या निदानाचा आधार होऊ शकत नाही.

पूर्वग्रह केवळ व्याख्यानांनी जात नाहीत. आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेडचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरतो. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. खेड्यांतील स्त्रियांना, त्यांतील अनेक निरक्षर, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून घडविले. निरनिराळ्या जातींच्या या स्त्रिया प्रशिक्षणात एकत्र राहत, एकत्र जेवत. औषधोपचाराच्या ज्ञानाइतकेच हे सहजीवनही आवश्यक होते. कारण शिवाशिव पाळणारी सेविका प्रत्येक घरातील बाळंतिणीची सेवा कशी करणार? आरोळे दाम्पत्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार लाभला.

आजच्या प्रशिक्षणार्थी समुपदेशकासही अशीच सवय हवी. प्रत्येक भेटीनंतर 'मी न विचारताच काय गृहीत धरले?' हे त्याने लिहून काढावे आणि अनुभवी मार्गदर्शकापुढे मांडावे. रीतिरिवाजाचा अर्थ स्वतः न लावता समोरच्यास विचारावा. मनातील अढी दूर होत नसेल, तर नाव गुप्त राखून ते प्रकरण अन्य समुपदेशकाकडे सोपवावे.

कुटुंबांनीही समुपदेशक निवडताना 'तो आपल्यातला आहे का?' एवढेच पाहू नये. 'तो शांतपणे ऐकून घेतो का, आणि ऐकलेले स्वतःपाशी ठेवतो का?' हेही पाहावे. घरातील दुःख विश्वासाने उघड करणाऱ्या लेकी-सुनांचे आणि मुलांचे हित त्यातच आहे.