चटणीची रेसिपी नाही, आधी नाव नोंदवा!

बचत गटाची कांदा-लसूण चटणी बाजारात चालायला लागली, की तसंच पाकीट आणि तसंच नाव घेऊन दुसरा कोणीतरी शेजारी उभा राहतो. मग गटातल्या ताई विचारतात, ‘आमच्या रेसिपीचं पेटंट काढता येईल का?’

सरळ उत्तर : बहुतेक वेळा नाही. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ नुसार, जिन्नस नुसते एकत्र करून झालेल्या मिश्रणाला आणि पारंपरिक ज्ञानाला पेटंट मिळत नाही. नवं यंत्र किंवा नवी प्रक्रिया असेल तर गोष्ट वेगळी. थरावर थर देऊन पदार्थ ‘छापणाऱ्या’ थ्रीडी प्रिंटरच्या नव्या यंत्रणेला पेटंट मिळू शकतं, आजीच्या चटणीला नाही.

कॉपीराइटचंही तसंच. पुस्तकातला मजकूर आणि फोटो कुणी उचलू शकत नाही. पण ते वाचून चटणी केली तर अडवता येत नाही.

मग हातात काय उरतं?

नाव : ट्रेडमार्क नोंदवा. मसाले वर्ग ३० मध्ये येतात. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती किंवा लघुउद्योगाला एका वर्गासाठी ४,५०० रुपये आहे. नोंदणी १० वर्षं चालते, पुढे नूतनीकरण होतं. ‘घरगुती मसाला’सारखं सर्वसाधारण नाव सहसा मिळत नाही, वेगळं नाव शोधा.

गुपित : मसाल्याचं प्रमाण दोघी-तिघींनाच माहीत ठेवा. कामाला येणाऱ्यांशी आणि बाहेरून चटणी कुटून घेत असाल तर त्यांच्याशी लेखी करार करा.

भौगोलिक मानांकन : कोल्हापुरी गूळ, आजरा घनसाळ तांदूळ यांना जीआय आहे. ते एकट्याचं नसतं. त्या भागातला उत्पादक ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंदणी करू शकतो.

दोन चुका टाळा. एक, फूड लायसन्सचा नंबर मिळाला म्हणजे नाव सुरक्षित झालं, असं समजू नका. तो नंबर अन्नसुरक्षेसाठी असतो. दुसरी चूक महागात पडते. अर्ज घाईत एकीच्या वैयक्तिक नावावर केला, तर कागदोपत्री ब्रँडची मालकीण तीच ठरते. उद्या गट फुटला तर बाकीच्यांच्या हाती काही राहत नाही. म्हणून अर्ज कुणाच्या नावाने करायचा, हे आधी बैठकीत ठरवा, ठराव लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.